गावच्या फळ्या, डोंबिवलीचा फ्लॅट आणि लाकडी इंटिरियर : सल्ला हवाय

ओटीवरची | 9 जून, रात्री 10:20

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबेल.

रत्नागिरीकडच्या आमच्या घराची मागची पडवी आणि तिच्यावरचा माळा या मे महिन्यात उतरवला. वासे वाळवीने पोखरले होते, अजून एक पावसाळा निघाला नसता. पण निघालेलं सगळं लाकूड काही वाया गेलेलं नाही. माळ्याच्या फणसाच्या 14 फळ्या चांगल्या आहेत, प्रत्येकी 7 फूट लांब, 9 इंच रुंद आणि सव्वा इंच जाड, शिवाय एक सागवानी चौकट तिच्या कोरलेल्या गणेशपट्टीसकट, आणि ऐनाच्या दोन तुळया. काका म्हणाले कुठे सांभाळत बसतेस, बंबात जातील. मला ते ऐकवेना. त्या माळ्यावर आम्ही सगळी भावंडं मे महिन्यात आंब्यांच्या शेजारी झोपायचो.

आता इकडचं. डोंबिवलीत टू बीएचके घेतलाय, 640 चौरस फूट कार्पेट. बिल्डरने दिलेली चकचकीत पांढरी टाइल, पांढऱ्या भिंती, पांढरे लाइट. संध्याकाळी दार उघडून आत आलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. मला लाकूड हवंय घरात, गावी ओटीवर बसलं की जे वाटतं तसं काहीतरी. इंटिरियरवाल्याने थ्रीडी काढून दिलं त्यात टीव्हीची अख्खी भिंत, फॉल्स सीलिंगचे पट्टे, सगळी दारं, वॉर्डरोब, सगळीकडे एकच गडद वॉलनट रंगाचं लॅमिनेट आहे. बघून जीव दडपला. गावच्या लाकडाबद्दल विचारलं तर म्हणाला त्यात कीड असते, साइटवर आणूच नका. गणपतीच्या आत काम संपवून देतो म्हणतोय.

तर या फळ्या खरंच वापरता येतील का, कुठे वापराव्यात, आणि बाकीचं काय करावं? बजेट ठीकठाक आहे, भरमसाट नाही.

डोंबिवलीकर_72 | 9 जून, रात्री 11:05

लॅमिनेटला एवढं घाबरू नका हो. आमच्याकडे 11 वर्षं झाली, दोन मुलं लहानाची मोठी झाली त्यात, स्केचपेन, तेलाचे हात, क्रिकेटचा बॉल सगळं सोसलंय त्याने, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. फक्त बाहेरून 1 एमएमचं लावा, कपाटाच्या आत 0.8 चालतं, आणि ग्लॉसी अजिबात नको, मॅट किंवा सुएड फिनिश घ्या, लाकडासारखं दिसायचं असेल तर चमक नको. तुमच्या माणसाची चूक लॅमिनेट वापरण्यात नाही, सगळीकडे एकच वापरण्यात आहे असं माझं मत.

रंधा_पटाशी | 10 जून, सकाळी 7:15

ताई, फळ्या विकू नका. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम चाललंय म्हणून जरा हक्काने सांगतो. फणस हे देव्हाऱ्याचं लाकूड, कोकणात उगाच नाही वापरत. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, उजेड आणि हवा लागली की वर्षभरात मधासारखं होतं, आणि तुमच्या फळ्या एवढ्या जुन्या असतील तर वरचा काळपट थर रंध्याखाली गेल्यावर आत सोनेरी तपकिरी निघेल. हा रंग कुठल्याच लॅमिनेटला येत नाही.

आता हिशेब बघा, कारण इथेच लोक फसतात. लाकडाचं माप घनफुटात. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. तुमची एक फळी 0.55 घनफूट म्हणजे 14 मिळून साडेसात घनफुटाच्या थोडी वर. पण दोन्ही टोकांना खिळ्यांची भोकं आणि चिरा असणार, अर्धा अर्धा फूट कापावं लागेल, रंधा मारून सव्वा इंचाची एक इंच होईल. हातात राहतील 6 फुटी 14 फळ्या, एकूण 63 चौरस फूट पृष्ठभाग. टीव्हीची भिंत 10 बाय 9 ची धरली तरी 90 होतात. म्हणजे भिंत मढवायला पुरणार नाहीत, आणि पुरल्या असत्या तरी मी सांगितलं असतं की भिंतीला मारू नका. एक इंच जाडीचं अस्सल लाकूड भिंतीवर चिकटवणं म्हणजे जिथे कुणी हात लावणार नाही तिथे ते टाकणं. हात, कोपर, पाठ जिथे टेकते तिथे लाकूड पाहिजे. जेवणाचं टेबल, खिडकीतलं बाकडं, शू रॅकची वरची फळी.

कीड. तुमचा इंटिरियरवाला पूर्ण चुकीचा नाहीये. फळ्या उन्हात उभ्या करून ठोकून बघा, बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर त्यात किडा जिवंत आहे, ती फळी बाजूला काढा. भोकं आहेत पण भुसा पडत नाही तर बहुतेक जुनी गोष्ट आहे. कीड बहुतेक वेळा कडेच्या फिक्या लाकडाला लागते, गाभ्याला कमी. फिका पट्टा कापूनच टाका. वाळवीने खाल्लेलं असेल तर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, लगेच कळतं.

आणि खिळे! मिलमध्ये नेण्याआधी एक ना एक खिळा काढा, स्पीकरमधलं जुनं मॅग्नेट घेऊन दोन्ही बाजूंनी फिरवा. एका खिळ्याने मशीनची पाती गेली तर मिलवाला तुमचं लाकूड परत हातात घेणार नाही.

शहाबादी | 10 जून, दुपारी 1:40

इंटिरियरचं काम करते, ठाण्यात. वरचा प्रतिसाद आवडला, फक्त माझ्या बाजूने थोडी भर.

ओटीवरची, तुला जे दवाखान्यासारखं वाटतं त्यात लाकूड नसण्याचा वाटा कमी आणि लाइटचा जास्त आहे. बिल्डरने लावलेले दिवे 6500 केल्विनचे असणार, निळसर पांढरे. त्या उजेडात सागवानसुद्धा राखाडी दिसतं. आधी एक काम कर, हॉलमधला एक बल्ब काढून 2700 किंवा 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा लाव, खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो तो 90 च्या वरचा बघून घे, त्याने लाकडातले लाल पिवळे रंग नीट उठतात. दीडदोनशे रुपयांत अर्धं घर बदलल्यासारखं वाटेल. किचनच्या ओट्यावर मात्र 4000 ठेव, भाजी चिरताना दिसायला पाहिजे. आणि सगळा उजेड छतातून नको, खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला एक दोन दिवे हवेत. गावच्या ओटीवर तरी कुठे छतातून उजेड येतो, बाजूने तिरपा येतो.

दुसरं म्हणजे भिंती. एकदम पांढरा आणि लाकूड यांचं जमत नाही, दोघं वेगवेगळे उभे राहतात. ज्या पांढऱ्यात किंचित पिवळा नाहीतर गेरूचा अंश आहे तो घे, जुन्या चुन्याच्या भिंतीसारखा.

तिसरं, टाइल. ती फोडू नकोस, उगाच धूळ आणि खर्च. सतरंजी नाहीतर मोठी चटई घाल. चकचकीत टाइलमध्ये वरच्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं ना, तेच डोळ्याला टोचत असतं.

आणि गडद वॉलनट 640 फुटांत नको गं. खोलीत एखाद दोन मोठ्या वस्तू लाकडाच्या, बाकी शांत.

ओटीवरची | 10 जून, रात्री 9:50

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! शहाबादी, आजच बल्ब आणला. आई म्हणाली आता बरं वाटतंय, काय केलंस. तिला बल्ब बदललाय हेही कळलं नव्हतं.

रंधा_पटाशी दादा, मॅग्नेट फिरवलं गावी भावाने, 14 फळ्यांतून 90 च्या वर खिळे निघाले. दोन फळ्यांत भुसा पडतोय. म्हणजे 12 राहिल्या. आता प्रश्न असा की हे सगळं गावाहून आणायचं कसं, टेंपोवाला म्हणतो फॉरेस्टवाले अडवतात.

बल्लारशा_एक्सप्रेस | 11 जून, सकाळी 8:30

टेंपोवाला बरोबर बोलतोय. साग, आंबा, फणस, ऐन ही झाडं आपल्याकडच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे लाकूड रस्त्याने नेताना चौकशी होऊ शकते. जुनं घराचं लाकूड आहे हे दाखवता आलं पाहिजे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घर उतरवतानाचे फोटो, सरपंच किंवा ग्रामसेवकाचं पत्र एवढं घेऊन तुमच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसला जा आणि वाहतुकीचा पास लागतो का ते तिथेच विचारा, लागत असेल तर काढूनच निघा. रस्त्यात वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मी चंद्रपूरचा, लाकडाच्या डेपोतला लिलाव बघत मोठा झालो. आमच्याकडचा साग व्यापारी लोक अजून सीपी साग म्हणतात, जुन्या मध्य प्रांताच्या नावाने. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना 2023 मध्ये इथूनच सागवान गेलं तेव्हा रस्त्यावर लोक बघायला उभे होते, मीपण होतो. म्हणून सागाबद्दल कुणी ढिलं बोललं की राहवत नाही. तुमची चौकट खरी सागवानी आहे का ते बघायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी पटाशीने एक ढलपी काढा. तेलकट लागतो हाताला आणि कातड्यासारखा वास येतो, पन्नास वर्षांनीही येतो. वजन घनफुटाला साधारण 18 किलो. बाजारात सागवान म्हणून जे मिळतं त्यात आफ्रिकेतून आलेल्या लागवडीचं कोवळं लाकूडही असतं, तेही सागच, पण कडेचा पांढरा भाग जास्त आणि रेषा दूर दूर. नवं घेणार असाल तर गाभा किती आहे ते बघून घ्या, नावावर जाऊ नका.

म्हापशेकार | 11 जून, संध्याकाळी 6:10

गोव्यातून लिहितोय, आमच्या इथली हवा तुमच्या रत्नागिरीसारखीच. एक गोष्ट कुणी बोललं नाही अजून. कपाटं बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नका, निदान इंचभर फट ठेवा आणि खाली पाय द्या. आमच्याकडे नव्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकवून वॉर्डरोब केला, दुसऱ्या पावसात मागचं प्लाय बुरशीने हिरवंकाळं, आतले कपडे गेले. त्या भिंतीच्या बाहेर पावसाचा मारा होता, ओल तिथूनच येत होती. आधी भिंत बघा, मग लाकूड.

आणि तुळया टाकू नका, ऐन कणखर असतं. आमचे वडील वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, होडीला लावतात तेच, वाळवी जवळ येत नसे. पण ते फ्लॅटमध्ये नको, कातडी भाजते त्याने आणि काळंकुट्ट दिसतं.

शहाबादी | 11 जून, रात्री 9:15

प्लायचं राहिलंच होतं. किचनचं सिंकखालचं कपाट आणि बाथरूमला लागून असलेलं काहीही 710 नंबरच्या मरीन प्लायमध्ये कर, आयएसआयच्या छापासोबत आयएस 710 असं छापलेलं असतं प्रत्येक शीटवर, माल उतरवताना स्वतः उभं राहून बघ. बाकी वॉर्डरोबला 303 नंबरचं साधं प्लाय चालतं. शीट 8 बाय 4 ची, म्हणजे 32 चौरस फूट, बिलातल्या शीट मोजून घे.

दारांना व्हिनिअर कर असं मी म्हणेन. ते खऱ्या लाकडाचंच पातळ साल असतं, अर्धा एमएम, खाली प्लाय. तुझ्या फणसाच्या शेजारी छापील लाकूड लगेच उघडं पडेल, खऱ्याच्या शेजारी खरंच पाहिजे.

डोंबिवलीकर_72 | 11 जून, रात्री 10:00

शहाबादी, इथे माझा विरोध. व्हिनिअरवर पॉलिशचा खर्च वेगळा, पॉलिशवाला चांगला मिळायला हवा, आणि अर्धा एमएम म्हणजे एकदा ओरखडा खोल गेला की घासायला जागाच नाही. मेडच्या मॉपचं पाणी दाराच्या खालच्या कडेला रोज लागतं, तिथून ते सुटायला लागतं, माझ्या बहिणीकडे झालंय. लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट खऱ्या लाकडाशेजारी वाईट दिसतं हे मान्य, मग लाकडासारखं घेऊच नका ना! दारं आणि वॉर्डरोब साध्या रंगात करा, सायीसारखा नाहीतर फिकट मातकट. लाकूड फक्त गावचं.

शहाबादी | 11 जून, रात्री 10:25

हे खरंच चांगलं आहे. मी माझा सल्ला मागे घेते. साध्या रंगाचं मॅट लॅमिनेट, आणि लाकूड जेवढं खरं आहे तेवढंच.

तिरपं_ऊन | 12 जून, सकाळी 6:45

शिकागोहून. आम्ही कोल्हापूरला करून घेतलेलं शिसवी टेबल कंटेनरमधून इकडे आणलं होतं, पहिल्याच हिवाळ्यात मधोमध टरकलं, पेन्सिल जाईल एवढी चीर. इथे हीटिंग सुरू झालं की घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, आणि आमच्या टेबलाचा वरचा भाग खालच्या चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूने गच्च बांधलेला, त्याला हलायला जागाच नव्हती. पुढे इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते सोडवून खालच्या पट्ट्यांना लांबट खाचा करून दिल्या, स्क्रू त्यात सरकतात, तेव्हापासून ठीक आहे. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. डोंबिवलीत उलटं होईल, पावसात फुगेल. तुमच्या सुताराला हे आधीच सांगा.

रंधा_पटाशी | 12 जून, सकाळी 7:30

तिरपं_ऊन यांनी लाखाची गोष्ट सांगितली. त्याला जोडून, ताई, सगळ्यात महत्त्वाचं: गणपतीची घाई करू नका. पावसात पॉलिश करायचं नाही. हवेतला दमटपणा ओल्या पॉलिशखाली अडकतो आणि वर पांढरट झाक येते, मग सगळं घासून पुन्हा. जून ते सप्टेंबर फळ्या नुसत्या थप्पी लावून ठेवा, खाली सपाट ठोकळे, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एकाच जाडीच्या तीन पट्ट्या, एकाखाली एक येतील अशा, म्हणजे वारा खेळेल. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या तर वाकतील. दिवाळीनंतर काम.

पॉलिश कुठलं? पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, ते कडक असतं, पाणी, गरम भांडं बरंच सोसतं, पण पुढे खराब झालं तर मधलाच तुकडा दुरुस्त होत नाही, अख्खं उतरवावं लागतं. मेलामाइन स्वस्त, काही वर्षांनी पिवळं पडतं. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर, गरम कप ठेवला तर गोल डाग पडतो, पण घरच्या घरी दुरुस्त होतं आणि हात फिरवला तर लाकूड हाताला लागतं. टेबलाला पीयू मॅट, बाकड्याला फ्रेंच, असं मी केलं असतं. नमुना आधी त्याच फळीच्या कापलेल्या तुकड्यावर करून मागा, दुकानातल्या शेडकार्डवर नाही.

कुणी जवसाचं तेल लावा म्हणाले तर लावा, छान होतं, पण तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात, आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपचा कोपरा असा जळालाय. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

चौकटीला जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका हो. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. रिमूव्हर लावून ओलंच खरवडा, फ्लॅटमध्ये तर नाहीच.

ओटीवरची | 14 जून, रात्री 11:10

ठरलं. इंटिरियरवाल्याशी बोलले, सरळ सांगितलं की लाकडाचं काम माझा सुतार करेल, तुम्ही कपाटं, किचन आणि लाइट बघा. तो आधी थोडा नाराज झाला, मग स्वतःच म्हणाला सीलिंगचे पट्टे काढून टाकू, खर्च वाचेल. दारं आणि वॉर्डरोब सायीच्या रंगात. सुतार गावाकडचाच मिळालाय, दिवाळीनंतर येतो म्हणाला. रेंज ऑफिसला भाऊ गेला होता, पास मिळाला. फळ्या आता भावाच्या पडवीत थप्पी लावून आहेत, पट्ट्या घालून, फोटो बघून मी दोनदा सरळ करायला लावल्या.

ओटीवरची | 22 फेब्रुवारी, रात्री 9:30

धागा वर आणतेय, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

12 पैकी एक फळी रंधा मारताना मधून फुटली, आत जुनी गाठ होती. 11 फळ्यांत 5 फूट बाय 3 फुटाचं टेबल झालं, खिडकीखाली साडेपाच फुटी बाकडं झालं, आणि देव्हारा. उरलेल्या तुकड्यांची शू रॅकची वरची फळी. टेबलाखाली लांबट खाचा केल्यात, तिरपं_ऊन. गणेशपट्टीवर हिरवा ऑइलपेंट होता, तो गावीच अंगणात ओला खरवडला, खालून साग निघाला आणि वास आला, खरंच कातड्यासारखा, बल्लारशा_एक्सप्रेस. ती देव्हाऱ्याच्या वर बसवलीय. तुळया अजून गावीच आहेत, फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नव्हत्या, घराच्या नव्या पडवीत जातील.

काही खिळ्यांच्या भोकांभोवती काळे निळे डाग आहेत. सुतार म्हणाला लोखंडाचे आहेत, ऑक्झॅलिक ॲसिडने काढून देतो. मी नको म्हटलं. ते माळ्याच्या वाशांचे खिळे आहेत, राहू देत.

फळ्या नुकत्याच रंधा मारून आल्या तेव्हा इतक्या पिवळ्या होत्या की मला शंकाच आली, पण तीन महिन्यांत खिडकीकडचा भाग मधाच्या रंगाकडे झुकलाय. आई दुपारी त्या बाकड्यावर बसून शेंगा सोलते. आधी ती बेडरूममध्येच असायची पूर्ण दुपार.

एकच प्रश्न. बाकड्याला फ्रेंच पॉलिश केलं आणि तिसऱ्याच दिवशी आईने त्यावर चहाचा कप ठेवला, पांढरा गोल उमटलाय. तिला फार वाईट वाटतंय. काय करू?

रंधा_पटाशी | 23 फेब्रुवारी, सकाळी 6:50

मस्त झालंय ताई. आईंना सांगा काही बिघडलं नाही. मऊ सुती कापडाचा बोळा करा, स्पिरिटचे दोन तीन थेंब, बोळा हाताला जेमतेम ओलसर लागला पाहिजे, ओला नाही. डागावरून हलकेच, न थांबता, रेषेच्या दिशेने फिरवा, एका जागी थांबलात तर पॉलिश उचलून येईल. दोन तीनदा करून पाच मिनिटं सोडा, मग बघा.

ओटीवरची | 23 फेब्रुवारी, संध्याकाळी 7:20

गेला! आईनेच केलं, मला हात लावू दिला नाही.